उंबऱ्याखालचं पाणी

मंगळवार, ६ फेब्रुवारी १९६२

जग बुडालं नाही!

कालपर्यंतची मुदत होती. आठ ग्रह एका राशीत आले म्हणून पंधरा दिवस गावात होमहवनाचा धूर. शेजारच्या खुशालरावांच्या लीलाबाईने तर परवा घरातला सगळा गूळ पोरांना वाटून टाकला. आज सकाळी घागर घेऊन आली ती हसतच. "मास्तरीणबाई, गूळ गेला न् जग राह्यलं!"

लीलाबाई हल्ली रोज येते. पुढच्या दाराने येते, आमच्या विहिरीची एक घागर भरते, घटकाभर बसते. भगवंतराव होते तेव्हा ती पाण्याला कधी आली नाही. ते गेल्यावर चार वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही. माझ्या एकटेपणाची कणव येते बिचारीला. (तोंडाने मी यजमानांचं नाव कधी घेतलं नाही. इथे लिहिते. वहीला काय कळतंय!)

आमची विहीर म्हणजे या खारपाणपट्ट्यातलं नवल आहे. चहूकडे विहिरी आहेत, पण पाणी तोंडात धरवत नाही. भगवंतराव मोजणी खात्यात होते. तीस वर्षं हद्दी मोजत फिरले आणि प्रत्येक विहिरीचं पाणी ओंजळीने चाखत गेले. निवृत्त झाल्यावर हीच जागा धरून बसले. "माणिक, इथे खाली गोडी झीर आहे." खणलं, आणि खरंच लागली.

केशरबाईला विचारलं, तुमच्या वस्तीत भीती होती का गं ग्रहांची? भांडी घासता घासता म्हणाली, "जग बुडवाले पानी लागते, बाई. थे कुठून आनतं देव? आमच्या विहिरीतलं घेतलं तं मानसं बुडत नाहीत, खारवतात."

मी इतकी हसले की चष्मा काढून पुसावा लागला.


रविवार, ११ फेब्रुवारी

अकोल्याला उपासनेला गेले होते. पाळकसाहेबांनी बाहेर गाठलं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मंडळीतल्या बायकांचा मेळावा आहे, आणि या वर्षी बोलायचं मी! विषय माझ्या पसंतीचा. त्यांच्या पत्नी शकुनताई म्हणाल्या, "माणिकबाई, शाळा सुटली तरी तुमचं शिकवणं सुटायचं नाही."

विषय मला शोधावा लागलाच नाही. बस बाळापूरच्या रस्त्याला लागायच्या आत ठरलासुद्धा. यहेज्केल संदेष्ट्याचं मंदिर!

अमरावतीच्या कॉन्व्हेंटात, मी तेरा वर्षांची असताना, मदर क्लोटिल्डने जेवणघराच्या फरशीवर ते मंदिर खडूने काढलं होतं. खरं मंदिर चौदा वर्षांपूर्वी जळून गेलेलं, संदेष्टा पंचवीस वर्षं परमुलखात, आणि त्याला एक पुरुष दिसतो. हातात दोरी आणि मापाची काठी. तो त्या नसलेल्या मंदिराचा कोपरान् कोपरा मोजून दाखवतो. पुढे मंदिराच्या उंबऱ्याखालून पाणी निघतं. आधी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं, मग पार करता येणार नाही अशी नदी. मदरने झगा किंचित उचलून घोटा, गुडघा करत करत शेवटी जेवणघराच्या मधोमध पोहून दाखवलं होतं. आम्ही मुली हसून लोळलो. मला पूर्वेच्या दरवाजात उभं केलं होतं. ते दार बंद, म्हणून माझं काम नुसतं हात पसरून उभं राहायचं.

शेवटी मदर म्हणाली, "हे झालं चित्र. अर्थ उद्या."

दुसऱ्या दिवशी न्याहारीलाच पातूरहून तार आली. वडील अत्यवस्थ होते. दोन महिन्यांनी परत गेले तेव्हा मदरची बदली दूर दक्षिणेत झाली होती आणि फरशी धुतलेली होती. अर्थ काय सांगितला ते मुलींना विचारलं, तर एकीला आठवेल तर शपथ!

पंचेचाळीस वर्षं माझा तो 'उद्या' राहिलाय. आता मीच शोधणार.


शुक्रवार, २ मार्च

रोज पहाटे वाचते आहे. नऊ अध्याय, त्यातले निम्मे नुसते हात आणि काठ्या. कंटाळा यावा असं, पण मला येत नाही. मोजणीदाराची बायको ना मी! एक गोष्ट मनात भरली. देव त्याला मंदिर बांध म्हणत नाही. म्हणतो, पाहा आणि लोकांना सांग. म्हणजे हे विटामातीचं नाहीच, अंतःकरणाचं मंदिर आहे. देव आपल्या जिवाचा एकेक कोनाडा काठी लावून मोजतो. किती ही काळजी!

आणि आज तर काय सापडलं! परमेश्वराचं तेज पूर्वेच्या दरवाजाने आत गेलं, म्हणून तो दरवाजा बंदच राहील, त्यातून कोणी जायचं नाही.

मी वही-पुस्तक तसंच टाकून मागच्या आवारात गेले. आमचंही पूर्वेचं दार बंद आहे. सत्तावनच्या उन्हाळ्यात भगवंतरावांनीच भिंत फोडून ते काढलं. पूर्वेला केशरबाईची वस्ती. तिथल्या बायका त्या दाराने पाण्याला येत. सकाळभर घागरींचा खणखणाट, हसणं, भांडणं. यांच्या शेवटच्या दुखण्यात मला तो गोंगाट सोसेना. मग त्याच दाराने यांना नेलं. संध्याकाळी मी कुलूप घातलं आणि किल्ली यांच्या घड्याळाच्या डबीत ठेवली. ते ज्या दाराने गेले त्या दाराने आता कोणी जायचं नाही, असं तेव्हा मनाशी म्हटलं होतं. कधीकधी वाटायचं, हे वेड आहे का? आज शास्त्रातच आधार सापडला!

केशरबाईला मी रोज एक घागर नेऊ देते. तिला मात्र पुढून, गल्लीला वळसा घालून जावं लागतं.


बुधवार, १४ मार्च

अर्थ कागदावर येत नाही. अकरा पानं लिहिली. सगळं खरं आहे, आणि सगळं कोरडं.

दुपारी एकदम सुचलं. मदरने लिहिलं नव्हतं, काढलं होतं! मागच्या आवारात मंदिर आखायचं, आणि मेळाव्याच्या बायकांना अकोल्याहून इथेच आणायचं. प्रत्येकीने आपल्या पायांनी मंदिर चालायचं!

पेटी उघडली आणि यांची मोजणीची साखळी काढली. लिलावात घेतलेली जुनी, सोळा आण्यांची, तेहतीस फुटी. गंजाचा आणि यांच्या हातांचा वास. थोडा वेळ तशीच मांडीवर घेऊन बसले.

हिशेब कसा नेमका बसला! मंदिराचं आवार पाचशे हात लांब, पाचशे हात रुंद. आपली एक साखळी म्हणजे ते पाचशे हात धरले तर सगळं मंदिर बरोबर एका गुंठ्यात. आणि आमचं मागचं आवार साखळीभर आणि वर दोन आणे!


सोमवार, १९ मार्च

साखळीचं दुसरं टोक केशरबाईने धरलं. "बाई, हे काय करून राहिल्या?"

"मंदिर आखतेय."

"कोनत्या देवाचं?"

"एका माणसाला दिसलं होतं, त्याचं. बांधायचं नाही, नुसतं पाहायचं."

"बांधाचं नाही तं मोजाचं काहून?" मग माझं तोंड पाहून तिने टोक ओढून धरलं. "ताना, बाई. साहेब असते तं म्हनले असते, साखळीले पोट येऊन राह्यलं."

दिवसभर दोघी पांढऱ्या फक्कीत माखलो. बाहेरचं अंगण, आतलं अंगण, पायऱ्या, पहारेकऱ्यांच्या कोठड्या. आणि एक आश्चर्य! वेदी मधोमध आखली, तर विहीर वेदीच्या दक्षिणेला आली. संदेष्ट्याला पाणी दिसलं तेही वेदीच्या दक्षिणेनेच! मी टाळ्या वाजवल्या. केशरबाई विहिरीकडे पाहत म्हणाली, "विहीर तं पैलेपासून अठीच होती, बाई."

तिची सून कौशल्या तिला बोलवायला आली आणि भिंतीपलीकडे उभी राहिली. भिंत छातीइतकीच आहे. पहिलटकरीण, सातवा लागलाय. तिच्या डोक्यावर भरली घागर. नाल्यात झिरा खणून पाणी भरतात, जाऊन-येऊन दोन मैल. पोरगी घामाने निथळत होती. मी तिला म्हटलं, तुझ्या बाळासाठी लोकरीची टोपी विणतेय हं! लाजली.


सोमवार, २ एप्रिल

भिंतीवरून रोज डोकी दिसतात. साऱ्या वस्तीला माझ्या मंदिराची ओढ लागली आहे! म्हातारी भागीरथा काल किती तरी वेळ पाहत होती. विहिरीपासून पूर्वेच्या दारापर्यंत मी सरळ पांढरा पट्टा ओढला (हा त्या नदीचा मार्ग), तेव्हा तिने मागच्या बायकांना काही तरी खुणावलं.

लीलाबाईला दाखवलं. तिने रेघांकडे पाहिलंच नाही, दाराकडे पाहिलं. "हे दार नाही ना उघडनार तुमी?"

"छे गं, ते बंदच राहायचं. तसं लिहिलेलंच आहे."

"मंग बरं," म्हणाली आणि दही ठेवून गेली. शास्त्राबद्दल किती आदर!


मंगळवार, १० एप्रिल

आजचा दिवस मी विसरणार नाही!

सकाळी आठला मागून कुजबुज. पाहते तर बंद दाराबाहेर दहा-बारा बायका, ओळीने, नेटक्या. कौशल्या, भागीरथा, सगळ्या. पाण्याला निघालेल्या असाव्यात, घागरी जवळ होत्या. म्हणजे कामं टाकून माझं मंदिर पाहायला थांबल्या! माझ्या मेळाव्याची रंगीत तालीमच!

मी स्टुलावर चढून भिंतीवरून सगळं सांगितलं. जळलेलं मंदिर, परमुलखातला माणूस, मापाची काठी. पाणी कसं वाढत जातं, त्याच्या काठाची झाडं कशी कधी वाळत नाहीत, त्यांच्या पानांचं औषध कसं होतं, ते जाऊन मिळतं तो खारा समुद्रसुद्धा कसा गोडा होतो. पाणी म्हटलं की एकेक मान वर येत होती. खाऱ्याचं गोडं होतं म्हटल्यावर तर कोणी पापणी लववली नाही. असा वर्ग मला तीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नाही! कौशल्या घागर उपडी घालून तिच्यावर बसली, इतकी तल्लीन झाली.

शेवटी बंद दाराचं सांगितलं. त्यावर भागीरथेने विचारलं, "मंग थे दार कदी उघडन?"

"ते उघडायचं नाही, आजी. परमेश्वर त्यातून आत गेला."

"आत गेला तं गेला. बाहीर कदी येते?"

किती मार्मिक! भाषणासाठी टिपून ठेवलं आहे. यावर नीट विचार करायला हवा.

मग सगळ्या उठल्या. घागरी उचलल्या आणि नाल्याकडे गेल्या.


बुधवार, ११ एप्रिल

केशरबाई आज कामाला उशिरा आली. मी कालच्याच आनंदात होते. किती मन लावून ऐकलं म्हटलं सगळ्यांनी! ती झाडू भिंतीला टेकवून उभी राहिली.

"बाई, तुमी लय चांगलं बोलल्या. पन थ्या काही ऐकाले नव्हत्या आल्या."

"मग कशाला?"

"पान्याले."

मला कळेना.

"चौदा तारखेले बाबासायबाची जयंती हाय. हिवरखेडचे पाहुने येऊन राह्यले. शंभर-सव्वाशे पान उठन. खाऱ्या पान्यात तुरीची डाळ शिजत नाही, दगडासारखी राह्यते. तुमी साखळी काढली तं भागीरथाबुढी म्हने, साहेबाची साखळी निघाली, आता बाई विहिरीपासून दारापर्यंत आपल्याले वाट आखून राहिली. पट्टा दिसलाच सगळ्याइले. म्हनून घागरी घेऊन आल्या."

"मग मला कोणी बोललं का नाही?"

"तुमी तं सांगून राहिल्या होत्या का दार देवानं बंद केलं. मंग कोन काय बोलते?"

मला राग आला. लिहिते, कारण इथे खोटं लिहायचं नाही. म्हटलं, ते दार माझ्या दुःखाचं आहे. ते त्या दाराने गेले, तुला माहीत आहे. ती म्हणाली, "माहीत हाय. मी होतो ना तठी. पन थे दार साहेबानं मयत न्यावाले नव्हतं काढलं, बाई."

आणि झाडू उचलून अंगण झाडू लागली. रेघा मोडू नयेत म्हणून पाय जपून टाकत होती. ते मला पाहवेना.


गुरुवार, १२ एप्रिल

जेवले नाही. पाण्याचा अध्याय पुन्हा काढला. पंचवीस वेळा वाचला असेल, तरी हे दिसलं कसं नाही?

पाणी पूर्वेला निघतं. पण पूर्वेचं दार बंद. म्हणून संदेष्ट्याला उत्तरेच्या दरवाजाने बाहेर काढून, वळसा घालून, बाहेरच्या बाजूने पूर्वेच्या दाराशी आणतात. आणि तिथे पाणी बाहेर आलेलंच असतं! दार माणसांना बंद आहे, पाण्याला नाही. वळसा! केशरबाईची घागर रोज जो वळसा घेते तो!

आणि ती दलदल. सगळं गोडं होतं, फक्त दलदली खाऱ्याच राहतात. मी कागदावर 'पश्चात्ताप न करणारी मनं' असं सुबक लिहून ठेवलं होतं. केशरबाईला सहज विचारलं, दलदल खारीच का गं राहत असेल? म्हणाली, "पानी येते तठी, पन जात नाही कुठी. मंग खारवन नाही तं काय?"

ती गेल्यावर मी एक बादली काढली आणि विहिरीच्या काठाशी ओतली. आवाराला उतार पूर्वेचाच आहे. पाणी वेदीच्या कडेने निघालं, माझा पट्टा पुसत दारापर्यंत गेलं, उंबऱ्याखालच्या फटीशी जरा थांबलं आणि पलीकडे गेलं. मी फक्कीत गुडघे टेकून कान लावला. पलीकडे कोणाची तरी शेळी ते पाणी चाटत होती. चळ्‌ चळ्‌ चळ्‌.

डबीतून किल्ली काढली. हातात घेतली. आणि परत ठेवली. लीलाबाईचा विचार आला. ती का येते, आणि पूर्वी का येत नव्हती, हे मला आज कळलं. की कळत होतं, आणि मी कळून घेत नव्हते? चार वर्षं तिच्याखेरीज या घरात माझ्याशी कोणी जेवणाखाणाचं बोललेलं नाही.


शनिवार, १४ एप्रिल

उघडलं!

कुलूप गंजून बसलं होतं. केशरबाईने गोडं तेल सोडलं, मी किल्लीला फडकं गुंडाळून पिळली, आणि एकदम कट्‌ झालं. दार ओढताना यांचा चेहरा डोळ्यांसमोर येईल म्हणून मी धास्तावले होते. समोर आली ती कौशल्या. घागर कमरेला, दुसरा हात पाठीला. उंबऱ्याशी थांबली आणि खाली रेघांकडे पाहायला लागली. "बाई, तुमचं मंदिर पुसन ना."

"पुसू दे," मी म्हटलं. "ये तू आत."

मग काय वर्णन करू! रहाट चार वर्षांनी असा ओरडला! घागरी, कळशा, हंडे, एकीने तर पिठाचा डबा आणला. कोठड्या गेल्या, पायऱ्या गेल्या, आतलं अंगण गेलं. भागीरथा वेदीवर बसून रांग लावत होती. "एकीमागं एक, वं! बाई पाहून राहिली!" पांढरं पाणी दुधासारखं वाहत होतं. तोच गोंगाट, तोच खणखणाट. मला तो सोसला. सोसला काय, मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरून रडले आणि पुन्हा बाहेर येऊन रहाटाला हात लावला.

दहाच्या सुमाराला लीलाबाई आली. पुढच्या दारातून मागचं सगळं दिसतं. ओसरीवर घागर ठेवली. मी "ये ना" म्हटलं. ती मागे फिरली. घागर तिथेच ठेवून गेली.

संध्याकाळी केशरबाईने झाकलेली वाटी आणली. वरण होतं. तूर अगदी लोण्यासारखी शिजली होती.


सोमवार, २३ एप्रिल

मेळावा झाला. आधी लिहायला हवं ते हे, की लीलाबाई नऊ दिवसांत आलेली नाही. तिची घागर ओसरीवरच आहे. मी रोज ती रिकामी करून ताज्या पाण्याने भरून ठेवते. नेईल तेव्हा नेईल.

दुपारी अकोल्याच्या बसने शकुनताई आणि तेरा बायका उतरल्या. ईस्टरच्या स्वच्छ पांढऱ्या साड्या, हातात शास्त्र. बोलावताना मी केवढं वर्णन केलं होतं! आखीव आवारं, सात पायऱ्या, एका गुंठ्यात सगळं मंदिर. फक्की पुन्हा टाकायची तीनदा ठरवलं, पण टाकणार कुठे? पहाटेपासून पायांची वर्दळ असते.

अकरा कागद हातात घेऊन मी त्यांना मागच्या आवारात नेलं. ओला चिखल, घागरींचे गोल ठसे, आणि विहिरीपासून दाराबाहेर थेट वस्तीपर्यंत गेलेली ओल. त्या ओलीच्या कडेने आठ दिवसांत बारीक हिरवं गवत आलं आहे.

"माणिकबाई," शकुनताई हलकेच म्हणाल्या, "मंदिर कुठंय?"

मी तोंड उघडलं. मदर क्लोटिल्ड आठवली, झगा किंचित उचललेली. अर्थ नीट मांडून सांगावा असं फार वाटलं. तेवढ्यात दारातून भागीरथा भरली कळशी डोक्यावर घेऊन निघाली. या पांढऱ्या साड्यांची रांग तिच्या वाटेतच उभी होती.

"सरका वं, बायाहो! पाय पाहून ठेवा. घोट्याएवढा चिखल झाला अठी!"

घोट्याएवढा.

मी कागद घडी करून पिशवीत घातले.

"चपला काढा, शकुनताई," मी म्हटलं. "इथून सुरू होतं."